स्तूपाखालचं घर

आई गेली त्याला आठ महिने झाले होते, तेव्हा मी बाबांना नागपूरहून सनीव्हेलला घेऊन आले. २००६चा मार्च. व्हिसा सहा महिन्यांचा. मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करायची. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्यांना वाईट वाटणार नाही अशा बेतानं सांगायच्या, असं ते काम. सकाळी आठला बाहेर पडायची ती संध्याकाळी सातला परत. मधले अकरा तास बाबा त्या एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये एकटे.

बाबांचं नाव लहू रामटेके. नागपुरात एका सरकारी कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढली. इंजिनिअर मोजमापं आणून द्यायचे, त्यावरून बाबा नकाशे काढायचे. रस्ते, नाल्या, शाळांच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या. आमच्या घरात बोलायचं काम आईचं आणि ऐकायचं बाबांचं, अशी वाटणी होती. आई गेली आणि बाबांचं काम संपलं.

पहिले दोन आठवडे ते खिडकीशी बसून पार्किंग लॉटकडे बघत राहिले. मी आल्यावर विचारायची, "आज काय केलं बाबा?"

"बसलो."

"जेवलात?"

"जेवलो."

मग मी त्यांना लायब्ररीचं कार्ड काढून दिलं. लायब्ररी घरापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर होती. बाबांचं इंग्रजी वाचायला पक्कं, पण इथल्या लोकांचं बोलणं त्यांना उमगायचं नाही; वर्तमानपत्र वाचतील, मासिकं चाळतील, चार माणसं दिसतील, एवढाच माझा हिशेब. तिसऱ्या आठवड्यात एकदा घरी आले तर बाबा दारातच उभे. हातात एक जाडजूड, छोट्या आकाराचं पुस्तक.

"उपासना, लायब्ररीवाल्यांना सांगायला पाहिजे. हे पुस्तक उलटं बांधलंय."

मी हसायलाच लागले. आई गेल्यापासून आमच्या दोघांत असं हसणं झालंच नव्हतं. म्हटलं, "उलटं नाही बाबा. जपानी कॉमिक आहे, मांगा म्हणतात त्याला. भाषा इंग्रजी केली तरी चित्रं तशीच ठेवतात, म्हणून उजवीकडून डावीकडे वाचायचं."

"असं होय," म्हणून त्यांनी पुस्तक मागून उघडलं.

गोष्ट साधी होती. एक जपानी मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला येते आणि लोकांच्या घरचे जुने पियानो सुरात लावून देते. प्रत्येक प्रकरणात नवं घर, नवी माणसं, नवी टेकडी. तीन भाग होते. बाबांनी तिन्ही आणले, पण त्या मुलीचं पुढं काय होतं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. ते माणसं सोडून मागचं बघायचे. इमारती, जिने, खांब, विजेच्या तारा. माझं भिंग त्यांनी ताब्यात घेतलं.

"हे बघ," एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. पानभर एक घुमट होता, बाजूला खांबांची वळत गेलेली रांग, पुढं तळं. "प्रत्येक खांबाची सावली एकाच बाजूला, एकाच मापानं पडलीय. हे कोणी मनानं काढलेलं नाही. इथं माणूस उभा राहिलाय, त्यानं नीट बघितलंय, मग काढलंय."

"ही जागा खरीच आहे बाबा. पॅलेस ऑफ फाइन आर्ट्स. ट्रेननं दीड-दोन तास लागतील, बस धरून."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "शनिवारी तुला सुट्टी असते ना?"

अशा आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. शनिवारी सकाळी सनीव्हेलच्या स्टेशनवर कॅलट्रेन पकडायची, डब्यात पोळीभाजी, बाबांच्या पिशवीत पानांच्या झेरॉक्स, भिंग आणि एक फूटपट्टी. त्या घुमटापाशी पोचल्यावर मला वाटलं, बाबा वर बघत राहतील. त्यांनी वर पाहिलंच नाही. झेरॉक्स डोळ्यांसमोर धरून ते तळ्याकाठानं मागं मागं सरकू लागले. दहा पावलं मागं, दोन डावीकडे, मग गुडघा थोडा वाकवला.

"इथं," ते म्हणाले. "ये, इथं उभी राहा आणि बघ."

मी उभी राहिले. खांबांवरच्या चौथऱ्यांच्या कोपऱ्यात दगडी बायका आहेत, पाठ आपल्याकडे करून आत तोंड खुपसलेल्या, जणू रडताहेत. चित्रात घुमटाच्या कडेला त्यातल्या दोघींच्या पाठी दिसत होत्या. तिथून मलाही दोघीच दिसल्या. अर्धं पाऊल उजवीकडे सरकले तर तिसरीचा खांदा डोकावला. चित्र काढणारा बरोबर त्याच टीचभर जागेवर उभा होता.  तितक्यात एका टुरिस्ट जोडप्यानं बाबांच्या हातात कॅमेरा दिला. बाबांनी त्या दोघांना चार वेळा इकडेतिकडे सरकवलं आणि मगच बटण दाबलं.

पुढच्या शनिवारी फेरी बिल्डिंगचा घड्याळाचा मनोरा झाला. त्याच्या पुढच्या शनिवारी फिल्बर्ट स्ट्रीटच्या पायऱ्या. बाबांचे गुडघे दुखायचे, तरी ते दर वीस पायऱ्यांवर बसत वरपर्यंत चढले, कारण चित्र वरून खाली बघून काढलेलं होतं. घरी परतताना ट्रेनमध्ये ते बोलायला लागले होते. दगडाच्या जोडांबद्दल, कमानीबद्दल. मी काय ऐकते आहे याची मला पर्वा नव्हती. बाबा बोलताहेत, एवढंच मला पुरत होतं.

एप्रिलच्या शेवटी त्यांनी तिसऱ्या भागातलं एक पान माझ्यापुढं ठेवलं. कोपऱ्यावर तीन मजली लाकडी घर, बाहेर आलेल्या उभ्या खिडक्या, दारापर्यंत चढत गेलेला जिना, जिन्यापाशी ती पियानोवाली मुलगी अवजारांची पेटी घेऊन उभी. आणि घराच्या छपरामागं, टेकडीच्या अंगाला, दुसऱ्या एका इमारतीच्या माथ्यावर...

"हा स्तूप आहे," बाबा म्हणाले.

दीक्षाभूमीवरचा स्तूप बांधला जात होता त्या सगळ्या वर्षांत बाबा दर रविवारी सायकलनं तिथं जायचे. काम किती वर आलं ते बघून घरी येऊन आईला सांगायचे. त्यांना स्तूप ओळखायला भिंग लागत नव्हतं. पण मला पटेना. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये घराच्या गच्चीवर स्तूप?

"हा मनाचा असेल बाबा. जपानी माणूस आहे, आठवण म्हणून घातला असेल."

"घुमट खरा, घड्याळ खरं, पायऱ्या खऱ्या. मग हेच खोटं कशाला?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात लंचच्या वेळी मी इंटरनेटवर शोधलं. पाइन स्ट्रीटवर जपानी लोकांचं एक जुनं बौद्ध मंदिर आहे, त्याला ते बुद्धिस्ट चर्च म्हणतात. त्याच्या गच्चीवर स्तूप आहे. मी घरी फोन लावला.

"बाबा, आहे. खरंच आहे."

पलीकडे पेन्सिल शोधल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "बस कोणती?"

शनिवारपेक्षा रविवार बरा, मंदिर उघडं असेल, म्हणून आम्ही मे महिन्यातल्या एका रविवारी गेलो. दोन बस बदलून जपानटाउनला उतरलो. तिथल्या चौकातल्या पाच मजली सिमेंटच्या पॅगोड्याला बाबांनी हात जोडले आणि लगेच झेरॉक्स बाहेर काढली. स्तूप दिसायला वेळ लागला नाही. पण चित्रकाराची जागा काही केल्या सापडेना. तासभर फिरून शेवटी बाबा बुश स्ट्रीटजवळच्या एका कोपऱ्यावर थांबले.

"उतार हाच. रस्त्याचा कोन हाच. स्तूपाची दिशा हीच. फक्त घर नाही."

समोर चार मजली सपाट अपार्टमेंट होतं. त्याच्या कडेनं स्तूपाचं फक्त टोक दिसत होतं.

"हे एक घर त्यानं कल्पनेनं घातलं असेल," मी म्हटलं.

बाबा चिडले. मला आठवतं त्याप्रमाणे अमेरिकेत पहिल्यांदाच चिडले. "कल्पनेनं घर काढणारा माणूस चौथ्या पायरीचा कठडा वाकलेला दाखवत नाही. हा वाकलेला कठडा बघ. हे कोणीतरी पाहिलेलं घर आहे."

आम्ही मंदिरात गेलो. सकाळची प्रार्थना नुकतीच संपली होती, खालच्या हॉलमध्ये लोक चहा घेत होते. बाबांनी दारातच हात जोडून "नमो बुद्धाय" म्हटलं. त्यांच्या समोर एक ठेंगणी, निळ्या स्वेटरमधली म्हातारी बाई फुलदाणीतलं पाणी बदलत होती. तिनं फुलदाणी खाली ठेवली, हात जोडले आणि वाकून नमस्कार केला. दोघांना एकमेकांचं बोलणं कळत नव्हतं, पण तिथून पुढं सगळं सोपं झालं.

तिचं नाव मिसेस हरादा. वय अठ्ठ्याहत्तर. याच शहरात जन्मलेली. तिनं आम्हाला चहा दिला, स्तूपात सयामहून आलेल्या बुद्धाच्या अस्थी आहेत असं सांगितलं. मी ते बाबांना मराठीत सांगितल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवून डोळे मिटले. मग मी म्हटलं, "माझे वडील हे चित्र घेऊन आलेत. यातलं घर शोधताहेत."

मिसेस हरादांनी झेरॉक्स हातात घेतली. चष्मा बदलला. मग हळूच खुर्ची ओढून बसल्या.  त्यांचं बोट तिसऱ्या मजल्यावरच्या डावीकडच्या खिडकीवर जाऊन थांबलं.

"इथं आम्ही राहायचो," त्या म्हणाल्या. "सहा जण. एका खोलीत."

युद्धाआधी त्यांच्या वडिलांची लाँड्री होती. १९४२ साली इथल्या सगळ्या जपान्यांना उचलून छावण्यांत नेलं, यांना युटाच्या वाळवंटात. मिसेस हरादा तेव्हा चौदा वर्षांच्या. तीन वर्षांनी परत आल्या तेव्हा लाँड्री दुसऱ्याची झाली होती. घर नाही, सामान नाही. या कोपऱ्यावरच्या खाणावळवजा घरात एका विधवा बाईंनी त्यांना खोली दिली. चार वर्षं ते तिथं राहिले. पुढं साठच्या दशकात नव्या विकासासाठी शहरानं इथल्या गल्ल्याच्या गल्ल्या पाडल्या, त्यात ते घर गेलं.

"तुमच्याकडे फोटो असेल ना?" मी विचारलं.

"नाही. युद्ध सुरू झाल्यावर आमचे कॅमेरे जमा करून घेतले. वडिलांनी पुन्हा कधी घेतला नाही." त्यांनी झेरॉक्सवरून तळवा फिरवला. "चाळीस वर्षांनी बघते आहे. ही मुलगी माझ्या जिन्यावर काय करते आहे?"

"पियानो जुळवायला आलीय," मी म्हटलं. त्या हसल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या.

मी सगळं बाबांना सांगितलं. बाबांनी झेरॉक्स पुन्हा जवळ ओढली. मग म्हणाले, "त्यांना विचार, दारापर्यंत किती पायऱ्या होत्या?"

"बाबा, त्या रडताहेत."

"विचार तर खरं."

मी विचारलं. मिसेस हरादांनी ताबडतोब उत्तर दिलं, "अकरा."

"चित्रात नऊ आहेत," बाबा म्हणाले.

"अकरा," मिसेस हरादा म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ धुण्याची टोपली घेऊन मीच चढायची. मला विचारा."

बाबांनी भिंग काढलं. पाच मिनिटं वाकून बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि लहान मुलासारखे खुलले. "बरोबर! खालच्या दोन त्या पोरीच्या पेटीमागं लपल्यात. पेटीच्या कडेला कठड्याचा खालचा खांब दिसतोय. अकराच आहेत." मी सांगितल्यावर मिसेस हरादांनी टाळी वाजवली.

परतीच्या ट्रेनमध्ये बाबांनी मला त्यांचा बेत सांगितला. एका पायरीची उंची साधारण सात इंच असते. अकरा पायऱ्यांवरून जिन्याची उंची मिळते, जिन्यावरून दाराची, दारावरून खिडक्यांची. चित्रात तिरपं दिसणारं घर पुन्हा सरळ उभं करता येतं. "मी त्या बाईंना त्यांचं घर काढून देणार. मापासकट."

मी त्यांना ड्रॉइंग बोर्ड, सरळ रेघा ओढायचा टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपर आणून दिला. जेवायच्या टेबलावर आता जेवता येत नसे. आम्ही सोफ्यावर ताटं घेऊन बसायचो. दर रविवारी प्रश्नांची यादी घेऊन आम्ही मिसेस हरादांकडे जायचो. दार आत उघडायचं की बाहेर? खिडकीच्या वरच्या काचा रंगीत होत्या का? चूल कुठं होती? सुरुवातीला त्या म्हणायच्या, "आठवत नाही." मग बाबा कागदावर दोन रेघा ओढायचे आणि त्या लगेच म्हणायच्या, "नाही नाही, तिथं नाही, या बाजूला." चूक दाखवली की आठवण जागी होते, हे बाबांनी ओळखलं होतं. एकदा त्या मला म्हणाल्या, "तुझ्या वडिलांनी विचारेपर्यंत हे सगळं माझ्याजवळ आहे हेच मला ठाऊक नव्हतं."

जुलैमधल्या एका शनिवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तर बाबा पेन्सिल खाली ठेवून बसले होते.

"तुझ्या आईचं माहेर तू पाहिलं नाहीस," ते म्हणाले.

"रस्त्यात गेलं ना ते? मी व्हायच्या आधी."

"रस्त्यात गेलं. पण ती रेघ मी ओढली होती."

मी कप हातात धरून तशीच उभी.

"साहेबांनी माप दिलं. साठ फुटी रस्ता. मी टी-स्क्वेअर लावला आणि रेघ ओढली. ओढता ओढता दिसलं की अकरा घरं जाताहेत आणि त्यात तुझ्या आजोबांचं आहे. पुढच्या खोलीत त्यांनी वाचनालय काढलेलं. संध्याकाळी वस्तीतली माणसं यायची, एक जण पेपर मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे. तुझी आई तिथंच वाचायला शिकली." ते थांबले. "ती मला एकदाच म्हणाली, थोडी वळवता आली नसती का? मी म्हटलं, मी वळवणारा कोण? मग जन्मभर तिनं तो विषय काढला नाही. बाकी सगळं बोलायची. ते नाही."

 मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "तुमचा राग धरला असता तर आई तुमच्याशी इतकं बोलली असती का बाबा? दिवसभराचं साठवून ठेवायची तुमच्यासाठी."

"तेच," बाबा म्हणाले. "तेच तर. मला रागावायचं ती बाकीच ठेवून गेली. त्या घराचा फोटो नाही, नकाशा नाही. जी रेघ होती ती फक्त पाडायची होती." मग त्यांनी पेन्सिल उचलली आणि मिसेस हरादांच्या खिडकीची चौकट पुरी केली.

नकाशा ऑगस्टच्या पहिल्या रविवारी आम्ही मंदिराच्या हॉलमध्येच दिला. तीन कागद होते. घराचा पुढचा देखावा, बाजूचा देखावा, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीचा आराखडा. वाकलेला कठडा बाबांनी वाकलेलाच ठेवला होता. खोलीत सहा अंथरुणांचे सहा आयत काढले होते. मिसेस हरादा एकेका आयतावर बोट ठेवत गेल्या. हा भाऊ, हा भाऊ, ही मी, ही धाकटी, हे वडील. दाराजवळच्या शेवटच्या आयतावर त्या थांबल्या.

"आई इथं झोपायची. कोणी आलं-गेलं तर आधी तिला कळावं म्हणून." मग बाबांकडे वळून त्यांनी दोन्ही हात जोडले आणि इतक्या खाली वाकल्या की बाबा घाबरून त्यांना उठवायला पुढं झाले. "मला सांग," त्या मला म्हणाल्या, "मराठीत आभार कसे मानतात?"

 आमच्या घरात आभार मानायची पद्धत नाही. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "त्यांना सांग, आमच्यात जय भीम म्हणतात. त्यात सगळं येतं."

"जय भीम," मिसेस हरादा म्हणाल्या. बाबांनी मान वळवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

आता एक माणूस राहिला होता. ज्यानं ते घर काढलं तो. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'पार्श्वभूमी' असं लिहून तीन मदतनिसांची नावं होती. मुख्य चित्रकार माणसं काढतो आणि इमारती हे मदतनीस काढतात, हे आम्हाला मिसेस हरादांच्या नातीनं सांगितलं. मग मिसेस हरादांनी जपानीत पत्र लिहायला घेतलं. लहानपणी शिकलेलं जपानी. दोनदा फाडून तिसऱ्यांदा जमलं. प्रकाशकांच्या टोकियोच्या पत्त्यावर, 'ज्यांनी हे पान काढलं त्यांना' असं लिहून, बाबांच्या नकाशाच्या प्रतीसह ते पाठवलं. सप्टेंबरात बाबा नागपूरला परतले. उत्तर येईल असं माझ्या मनात नव्हतं.

ते आलं पुढच्या जानेवारीत, मिसेस हरादांच्या पत्त्यावर. त्यांनी मला फोन करून बोलावून घेतलं आणि एकेक ओळ इंग्रजीत करून सांगितली. मी लिहून घेत होते. पाठवणारी होती मिसाकी ओकुमुरा, वय सव्वीस. तिच्या पणजोबांचे भाऊ १९२०च्या सुमारास अमेरिकेला गेले आणि तिकडेच वारले. त्यांनी गावी पाठवलेलं एकच पोस्टकार्ड घरात होतं. त्यावर ते राहत होते त्या घराचा फोटो आणि मागं पत्ता. मांगाच्या कामासाठी सगळे मिळून सॅन फ्रान्सिस्कोला गेले तेव्हा ती एका सकाळी एकटीच त्या पत्त्यावर गेली. तिथं अपार्टमेंट होतं. ती पुढं लिहीत होती, "मी कोणालाच न सांगता त्या जागी जुनं घर काढलं. आजीचे ते काका एकटे राहिले, एकटे गेले; निदान एका चित्रात तरी त्यांच्या घरी कोणीतरी यावं असं वाटलं. वाचक मागच्या इमारतींकडे बघत नाहीत, म्हणून कोणाच्या लक्षात येईल असं वाटलं नव्हतं. तुमचा नकाशा मी आजीला दाखवला. तिनं तो काकांच्या तसबिरीजवळ ठेवला आहे. ज्या गृहस्थांनी पायऱ्या मोजल्या त्यांना माझा नमस्कार सांगा. त्या अकराच आहेत. पेटीमागं दोन आहेत, मी आधी त्याही काढल्या होत्या."

त्याच संध्याकाळी मी नागपूरला फोन लावला. तिकडे सकाळ होती. मी सगळं पत्र मराठीत सांगितलं. शेवटच्या वाक्यानंतर बाबा म्हणाले, "आधी त्याही काढल्या होत्या. बघ. मग वरून पेटी काढली. असं काम असतं." मग त्यांचा आवाज बदलला. "उपासना, मी रोज जगन्नाथकडे जातोय."

जगन्नाथ म्हणजे माझा मामा, आईचा थोरला भाऊ, पंचाहत्तरीचा. त्याच्यासमोर बसून बाबा कागदावर रेघा ओढत होते आणि मामा "तिथं नाही भाऊजी, या बाजूला," म्हणत होता. मार्चपर्यंत आईच्या माहेराचा नकाशा तयार झाला. पुढची खोली, पेपर वाचणाऱ्याची खुर्ची, ऐकणाऱ्यांची सतरंजी, आतली चूल. मामानं तो भिंतीवर लावला. तो बघायला पाडलेल्या अकरा घरांतली आणखी माणसं आली आणि आमचंही काढून द्या म्हणाली.

मी २००८च्या जानेवारीत सुट्टीवर गेले तोपर्यंत अकराच्या अकरा घरं झाली होती, आणि बाबांनी आता वस्तीतली उभी असलेली जुनी घरं धरली होती. "पडल्यावर विचारत बसण्यापेक्षा आधीच माप घेतलेलं बरं," म्हणाले. ते आता खूप बोलतात. रिक्षात बोलतात, जेवताना बोलतात, मला मध्ये बोलू देत नाहीत. मी मनातल्या मनात त्या टोकियोच्या मुलीला, त्या निळ्या स्वेटरमधल्या बाईंना, लायब्ररीत ते पुस्तक कपाटात लावून ठेवणाऱ्या कोणा अनोळखी माणसाला धन्यवाद देत त्यांच्या मागून चालत होते.

त्या दिवशी आम्ही एका कौलारू घराशी गेलो. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं बाबांच्या. ओसरीची लांबी मोजत होतो तेवढ्यात आतून एक बाई बाहेर आल्या, हाताला पीठ लागलेलं. टेप बघून त्यांचा चेहरा उतरला.

"काहून मोजता, भाऊ? पाडणार आहेत काय?"

"नाही बाई," बाबा घाईघाईनं म्हणाले. "पाडायसाठी नाही. मी रिटायर माणूस आहे. नुसतं काढून ठेवतो, घर कसं होतं ते. तुमच्या नातवंडांना राहील."

बाईंनी आमच्या दोघांकडे नीट निरखून पाहिलं. मग हात पदराला पुसले आणि वरच्या माळ्याकडे बोट केलं.

"मग तो माळा पण घ्या मोजून. माझ्या सासऱ्यानं एकट्यानं बांधला होता. थांबा, शिडी देते."